वसुलीच्या पत्रातले 25,200 रुपये

माझ्या अर्धवेळ एमबीएचे 3,60,000 रुपये शुल्क कंपनीने कर्ज म्हणून भरले. अभ्यासक्रम संपल्यावर 36 महिने नोकरी केल्यास ते माफ होणार होते. आधी सोडल्यास उरलेल्या प्रत्येक महिन्यामागे 10,000 रुपये परत करायचे, असा करार होता. मी 22 महिन्यांनी राजीनामा दिला. 1,40,000 रुपयांचे देणे मला मान्य होते आणि ती रक्कम मी बाजूला काढूनही ठेवली होती.

अडले ते वसुलीच्या पत्रापाशी. दुसऱ्या पानावर, मूळ रकमेच्या खाली, बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती: ‘जीएसटी 18 टक्के, रुपये 25,200’. घेतलेले पैसे परत करताना कर कशाचा, हे मला कोणीच सांगेना. एचआर विभागाने लेखा विभागाकडे बोट दाखवले, लेखा विभागाने ‘सिस्टीममध्ये तसंच येतं’ म्हणून हात वर केले, आणि सगळी रक्कम भरल्याशिवाय रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मुक्त केल्याचे पत्र, मिळणार नाही, हे मात्र दोघांनीही बजावले. नव्या नोकरीत ते पत्र मागत होते. पैसे भरून मोकळे व्हावे, असे अनेकदा मनात आले. पण जे देणे नाही ते भीतीपोटी का द्यावे, हा संताप त्याहून मोठा होता.

शेवटी सीए असलेल्या मैत्रिणीने केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाचे 3 ऑगस्ट 2022 चे परिपत्रक क्रमांक 178 काढून दिले. मुदतीआधी नोकरी सोडणाऱ्याकडून घेतलेली बाँडची, म्हणजे अशा कराराची, रक्कम हा कोणत्याही सेवेचा मोबदला नसल्याने तिच्यावर जीएसटी लागत नाही, असे त्यात स्पष्ट केले आहे. मी फोन करणे थांबवले, 1,40,000 रुपये बँकेतून पाठवले आणि पावती व परिपत्रक जोडून दोन्ही विभागांना एकच ईमेल केला. नवव्या दिवशी सुधारित पत्र आले. म्हणून सांगते, बोलणे पहिल्या दिवसापासून लेखीच ठेवा.

मध्यंतरी ‘पीएफमधून वळते करून घेऊ’ असेही सुचवले गेले होते. त्याला साफ नकार द्या. भविष्य निर्वाह निधीच्या कायद्यानुसार खात्यातली ती रक्कम कोणत्याही कर्जापोटी जप्त करता येत नाही.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. करार करताना माझ्याकडून सही केलेला कोरा धनादेश घेतला होता, आणि कर्ज फिटल्यावर तो आपणहून कोणी परत करत नाही. मी ‘नो ड्यूज’ प्रमाणपत्रासोबत तो मागून घेतला आणि तिथेच त्यांच्यासमोर आडवी रेघ मारून रद्द केला.