मंगळवारची टेप

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा ज्या पतसंस्थेची संगणकव्यवस्था मी सांभाळतो तिचे मुख्य कार्यालय तळमजल्यावरच होते. सर्व्हरचा रॅक आम्ही 2005 च्या पुराच्या खुणेपेक्षा दोन फूट उंच चौथऱ्यावर बसवला होता आणि तेवढ्यावर मी निर्धास्त राहिलो होतो. शनिवारी, 24 तारखेला, चिखलातून वाट काढत आत गेलो तेव्हा भिंतीवरची नवी खूण रॅकच्याही वर गेलेली दिसली. डिस्क, टेप ड्राइव्ह, यूपीएस, सगळ्यांत गाळ भरला होता. डिस्क रेड 6 मध्ये लावलेल्या होत्या, म्हणजे एकाच वेळी दोन बिघडल्या असत्या तरी माहिती शाबूत राहिली असती. सहाच्या सहा पाण्याखाली गेल्यावर त्या रचनेचा काही उपयोग नव्हता.

आता सगळी भिस्त टेपवर, म्हणजे माहितीची प्रत ज्यावर उतरवून ठेवतात त्या चुंबकीय फितीवर होती. दर शुक्रवारची टेप सावर्ड्याच्या शाखेत जात असे आणि ती तिथे सुखरूप होती, पण ती 16 जुलैची होती. त्यानंतरच्या तीन दिवसांच्या मुदत ठेवी, सोनेतारण कर्जे आणि पिग्मी एजंटांचा भरणा एवढे सगळे फक्त कार्यालयाच्या तिजोरीतल्या टेपांवर होते. बुधवारी बकरी ईदची सुट्टी असल्याने मंगळवारची टेप हीच शेवटची. तिजोरी आगीला दाद देणारी नव्हती, पाण्याला मात्र होती. दार उघडले तेव्हा खालच्या कप्प्यातले गढूळ पाणी पायांवर आले आणि वरच्या ओल्या कागदांच्या लगद्यातून एक प्लास्टिकचा डबा हाती लागला. स्वयंपाकघरात पोहे ठेवतात तसला, चारही बाजूंनी कड्या लावून घट्ट बंद होणारा. पावसाळ्यात टेपांना बुरशी धरू नये म्हणून लेखा विभागातल्या ताईंनी तो घरून आणला होता आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या होत्या. सुट्टीच्या आदल्या दिवशी टेप ड्राइव्हमध्ये राहू द्यायची नाही, हा त्यांचाच नेम. म्हणून मंगळवारी दिवसअखेर झाल्यावर बॅकअप संपेपर्यंत त्या पाऊण तास थांबल्या होत्या आणि टेप डब्यात ठेवूनच निघाल्या होत्या. आतल्या तिन्ही टेप कोरड्या होत्या. मी फोन केला तेव्हा त्यांच्या स्वतःच्या घरात कंबरभर पाणी येऊन गेले होते. त्यांनी एवढेच विचारले, "सर, लेबल वाचता येतंय ना?"

टेप घेऊन मी रत्नागिरीच्या शाखेत गेलो. दमट हवेतून आणलेली टेप लगेच ड्राइव्हमध्ये घालू नये, म्हणून ती एक दिवस वातानुकूलित खोलीत ठेवली. खरी अडचण त्यानंतर उभी राहिली. आमच्या टेप एलटीओ या प्रकारातल्या पाचव्या, म्हणजे एलटीओ-5 पिढीच्या होत्या आणि तिथल्या एका परिचितांच्या कार्यालयात नवा कोरा ड्राइव्ह होता तो एलटीओ-8 चा. एलटीओ-7 पर्यंतचा प्रत्येक ड्राइव्ह आपल्या मागच्या दोन पिढ्यांच्या टेप वाचू शकत असे; एलटीओ-8 पासून तो नियम बदलला आणि तो ड्राइव्ह एलटीओ-7 च्या मागची टेप वाचतच नाही. हे मला ठाऊक होते, तरी आपला पुढचा ड्राइव्ह कुठून येणार याचा विचार मी कधी केला नव्हता. संस्थेची सगळी माहिती माझ्या हातात होती आणि ती वाचणारे यंत्र रत्नागिरीत मला मिळत नव्हते. सहकाऱ्यांना हे सांगताना माझा आवाज कापत होता.

दोन दिवस फोन केल्यावर पणजीतल्या एका जुन्या सहकाऱ्यांकडे एलटीओ-6 चा बाह्य ड्राइव्ह निघाला. त्यांनी तो जोडणीच्या एसएएस कार्डासह गाडीने पाठवला. कार्ड आले हे बरे झाले, कारण शाखेतल्या सर्व्हरमध्ये फक्त डिस्क सांभाळणारा रेड कंट्रोलर होता आणि टेप ड्राइव्ह त्यावर जोडणे योग्य नसते. टेपवर काय कुठे आहे याची सूची बुडालेल्या सर्व्हरवरच गेली होती, त्यामुळे आधी टेप वाचून ती नव्याने तयार करावी लागली. तेवढा वेळ मी ड्राइव्हच्या आवाजाकडे कान लावून बसलो होतो. टेप सलग फिरत असली की आवाज एकसुरी राहतो; ती थांबून मागे-पुढे होऊ लागली की लगेच कळते. आवाज एकदाही तुटला नाही. रात्री अकराच्या सुमारास माहिती परत उभी राहिली. मंगळवारी संध्याकाळी रोखपालांनी व्यवस्थापकांच्या फोनवर पाठवलेली रोख शिल्लक आणि पडद्यावरची शिल्लक पैशापर्यंत जुळली, तेव्हा व्यवस्थापक काही न बोलता खुर्चीत बसून राहिले.

नव्या खरेदीच्या वेळी पुरवठादाराने एलटीओ-8 चा आग्रह धरला. एका टेपवर 12 टेराबाइट मावतात हे खरे, पण आमची माहिती 400 गीगाबाइटची. मी एलटीओ-7 मागितला, कारण 2013 पासूनच्या वर्षअखेरीच्या आमच्या सगळ्या टेप त्यालाच वाचता येणार होत्या, आणि एक नव्हे, दोन मागितले: एक चिपळूणला, दुसरा रत्नागिरीला. "दुसरा कपाटात पडून राहणार, मग पैसे कशाला घालवायचे?" असे एका संचालकांनी विचारले. पणजीहून ड्राइव्ह येईपर्यंत आपण एकाही ठेवीदाराला त्याची शिल्लक सांगू शकलो नव्हतो, हे मी त्यांना सांगितले. सर्व्हरच्या बाबतीत माझा भर प्रोसेसरच्या वेगापेक्षा स्वतःच्या चुका सुधारणारी ईसीसी मेमरी, दोन वीजपुरवठे आणि दुसऱ्या मजल्यावरची जागा यांवर होता. आमचे काम मोजके आहे, त्याला अधिक वेगाची गरज नाही.

दोन्ही ड्राइव्ह आले. रत्नागिरीच्या ड्राइव्हमध्ये पहिली टेप घातली ती 31 मार्च 2013 ची. बारकोडच्या लेबलावरची शाई फिकी झाली होती, पण शेवटची "एल5" ही दोन अक्षरे स्पष्ट होती. ताई शेजारी उभ्या होत्या. पडद्यावर फायलींची यादी उमटू लागली तशी त्यांनी वही उघडून तारीख लिहिली आणि पुढच्या टेपसाठी हात पुढे केला.