रविवारी केर काढायचा नाही

या वर्षी पाडव्याच्या तोंडावर घर साफ करायला काढले, तेव्हा आमच्या इमारतीच्या नियमावलीतील एक कलम मला नव्याने टोचले. रविवारी आणि सणाच्या सुट्टीला व्हॅक्यूम क्लीनर चालवायचा नाही, भिंतीत खिळा ठोकायचा नाही, गालिचा झोडपायचा नाही. जर्मनीत श्टुटगार्टला आल्यापासून हे कलम मला ठाऊक आहे आणि मी ते पाळतेही. परंतु आठवडाभर नोकरी करणाऱ्या आणि कामाला मावशी नसलेल्या बाईने घर नेमके कोणत्या दिवशी धुऊन काढावे, याचे उत्तर त्या नियमावलीत नाही.

शनिवारी काढावे, असे शेजारी सांगतात. रविवारी दुकाने बंद असल्यामुळे आठवड्याचा बाजार शनिवारीच करायचा असतो, मुलाचा पोहण्याचा वर्ग त्याच दिवशी असतो, आणि आमच्या इमारतीत दुपारी एक ते तीन या वेळातही आवाज चालत नाही. मग जळमटे काढायची कधी आणि पलंग सरकवायचे कधी? साठलेल्या रिकाम्या बाटल्या तरी रविवारी रस्त्यावरच्या काचेच्या कुंडात टाकून याव्यात म्हटले, तर तेही चालत नाही, कारण बाटली फुटल्याचा आवाज होतो. हा घरमालकाचा लहरीपणा असता, तर दोन शब्द ऐकवता आले असते. पण रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून १९१९ च्या वायमार राज्यघटनेने, म्हणजे जर्मनीच्या तेव्हाच्या राज्यघटनेने, संरक्षिला आणि १९४९ च्या जर्मन राज्यघटनेने ते कलम जसेच्या तसे ठेवले. राज्यघटनेपुढे माझ्या केरसुणीचे काय चालणार? रविवारी दुपारी इमारतीत जी शांतता असते ती मलाही हवीहवीशी वाटते, हे खरे आहे. मात्र ती उपभोगताना कपाटामागची धूळ डोळ्यांसमोरून हलत नाही.

याच लोकांची दुसरी रीत मला मनापासून आवडते. तिला येथे केअरवोखं म्हणतात. दर आठवड्याला एका बिऱ्हाडाच्या दाराला पाटी लागते आणि त्या आठवड्यात जिना, तळघराची वाट आणि दारापुढचा पदपथ झाडण्याची पाळी त्या बिऱ्हाडाची असते. या प्रथेचे मूळ पंधराव्या शतकाच्या अखेरीस या भागाचा शासक असलेल्या काउंट एबरहार्डच्या काळात, ज्याने त्याने आपल्या दारचे शेण दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकावे अशा स्वरूपाच्या नगरनियमात सांगितले जाते. खालच्या मजल्यावरील आजी जिना पुसताना मी पाहिल्या आहेत. पायरीच्या कोपऱ्यात फडके पोहोचत नाही, म्हणून त्या तेथे जुना टूथब्रश फिरवतात, कठड्याचे गज एकेक करून पुसतात आणि पायपुसणे उचलून त्याखालची रेतीही सुपलीत घेतात. सांगलीत आमच्या गावभागातल्या वाड्यात पाच बिऱ्हाडे होती. सामाईक जिना कोणी झाडायचा यावरून भांडणे रीतसर होत, आणि जिना शेवटी आईच झाडत असे.

तरीही स्वच्छता आम्हांला येथे येऊन शिकावी लागली, असा कोणाचा समज असेल, तर तो मला मान्य नाही. घट बसण्यापूर्वी आमच्याकडे घरातले एकही धुण्यासारखे कापड कोरडे राहत नसे. वाकळा, चादरी, सोलापुरी सतरंज्या डोक्यावर घेऊन बायका कृष्णेच्या घाटावर जात. पितळेची भांडी चिंचेने घासून उन्हात पालथी घातली जात, गाद्यांना ऊन दाखवले जाई. नदीत साबण सोडणे वाईटच, हे मलाही आज पटते, पण पाणी ओढून ओली वाकळ दोघींनी पिळायला काय ताकद लागते, ते येथील यंत्रात चादर टाकून कॉफी पिणाऱ्यांना सांगून कळणार नाही. (मीही यंत्रातच टाकते, ही गोष्ट वेगळी.)

आणि महापुरानंतरची सफाई तर वेगळीच. २००५ साली पाणी ओसरल्यावर आम्ही घरात शिरलो, तेव्हा भिंतीवर छातीइतक्या उंचीवर पाण्याची रेघ होती आणि जमिनीवर घोटाभर गाळ. हा गाळ ओला असतानाच काढावा लागतो. एकदा ऊन लागले, की तो फरशीला सिमेंटसारखा धरतो. आधी फावड्याने दाराबाहेर लोटायचा, मग खराट्याने पाणी मारत ढकलायचा, मग फिनेल आणि ब्लीचिंग पावडर. फुगलेली कपाटे, भिजलेले धान्य, अल्बमांतले एकमेकांना चिकटलेले फोटो यांचे ढीग प्रत्येक दारापुढे लागले होते. २०१९ मध्ये भावाने हेच सगळे पुन्हा केले आणि मी फोनवर ऐकले. त्या दिवसांत रविवार कोणता आणि सोमवार कोणता, हे कोणीही पाहिले नाही.

येथे वर्षातून एकदा घर आवरताना नको असलेले फेकण्यावरच सारा भर असतो. मोठ्या सामानासाठी अर्ज करून तारीख घ्यावी लागते आणि मग जुनी कपाटे, गाद्या पदपथावर ओळीने मांडल्या जातात. आमच्या तळघरात मात्र तीन खोकी आहेत. त्यांत आईच्या साड्या आणि सासूबाईंनी दिलेले स्टीलचे डबे आहेत, आणि माझ्या नवऱ्याच्या मते ती याच वसंतात जायला हवीत. कपडे घेऊन बदल्यात पातेले देणारी बोहारीण श्टुटगार्टमध्ये येईपर्यंत ती जाणार नाहीत, असे मी त्यांना सांगितले आहे.