डागी आंबे आपल्याला

माईआत्या गेल्या पावसाळ्यात गेली. जाण्याच्या बऱ्याच आधीपासून तिची सगळ्यांना ताकीद होती, "मी पावसात गेले तर कोणी धडपडत येऊ नका. घाटात दरडी येतात. आणि येऊन करणार काय, पडवीत बसून पागोळ्या मोजणार? मे महिन्यात या, आंबे तरी खाल." बाई खरोखरच ऐन श्रावणात गेली. जवळचे दोघेतिघेच पोचू शकले. बाकीच्यांना मे महिन्याची वाट बघावी लागली, म्हणून या वर्षी तिच्या गावची, आंजर्ल्याची आमची खेप ठरली ती तिच्या हुकमाने.

गाडीत मी, नवरा, बाबा आणि शेजारच्या मामी. मामी आमच्या नात्यातल्या नाहीत. मूळच्या पालघाटच्या, आता डोंबिवलीच्या, आणि मराठी आमच्यापेक्षा ठसक्यात बोलणाऱ्या. माईआत्याला त्यांनी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. पण तरी त्या येणारच होत्या. "माझा डबा राहिलाय तिकडे," एवढंच कारण त्यांनी दिलं.

त्या डब्याची गोष्ट सांगायला हवी. आत्याकडून निघताना पिशव्या भरल्या जायच्या आणि आम्ही "नको, गाडीत जागा नाही" असं म्हणत राहायचो. नाही म्हणणाऱ्या माणसाला द्यायचं कसं, यावर आत्याने तोड काढली होती. ती म्हणायची, "तुला कोण देतंय? हे तुझ्या शेजारणीला." आता परक्या बाईचे नारळ नाकारायचे कोणत्या तोंडाने? ते मामींकडे पोचायचे. मामी रिकामी पिशवी परत पाठवणाऱ्यातल्या नव्हत्या. तिकडून सांबाराची पूड, मुरुक्कू, केळ्याचे वेफर असं काहीबाही स्टीलच्या एका डब्यातून आंजर्ल्याला जायचं. डबा परत यायचा तो आमसुलं नाहीतर फणसाच्या साठांनी भरून. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. दोघींचं फोनवर बोलणं झालं ते बहुतेक एकदाच, तेही खोबरं किसावं की वाटावं यावरून, आणि ते फारसं गोडीत संपलं नाही.

पनवेल ते माणगाव या रस्त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. ज्यांनी तो केलाय त्यांना सांगायची गरज नाही, ज्यांनी केला नाही त्यांचा विश्वास बसणार नाही. माणगावला महामार्ग सोडून म्हसळ्याकडे वळलं की मात्र जिवाला बरं वाटतं. पुढे बागमांडल्याला सावित्रीची खाडी लागते. महाबळेश्वरात उगम पावलेली ही नदी इथे समुद्राला मिळते, अलीकडे रायगड, पलीकडे रत्नागिरी जिल्हा. महाड-मंडणगडवरूनही जाता येतं, पण आम्ही फेरीबोटच धरतो. खलाशी नुसत्या हातवाऱ्यांनी गाड्या एकमेकींना चिकटवून लावतात आणि ड्रायव्हरांचे श्वास अडकतात. मग दहा-पंधरा मिनिटं वारा. समोर डोंगरावर बाणकोटचा किल्ला दिसतो, इंग्रजांनी ज्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं होतं तो. मामी कठड्याला धरून उभ्या होत्या आणि किनाऱ्यावरचे माड बघून म्हणाल्या, "खत कमी पडतंय."

आत्या सासरी आली ती अशी गाडीतून नाही. साठच्या दशकात भाऊच्या धक्क्यावरून आगबोट निघायची आणि हर्णैला बाहेर खोल पाण्यात उभी राहायची. तिथून पडावात उतरायचं, पडाव किनाऱ्याला लागला की भिजत उतरायचं, आणि आंजर्ल्याला जायचं तर वर जोग नदीची खाडी तरीने ओलांडायची. तिथे आता पूल आहे. नव्या नवरीने पडावात कुणाच्या तरी भिजलेल्या पोराला आपला शालू पांघरायला दिला, अशी एक कथा घराण्यात फिरते. आत्याला विचारलं तर ती हात झटकायची. "ओकाऱ्या होत होत्या मला. शालू कुठला देत्ये!" मला तिची आवृत्ती जास्त खरी वाटते.

कारण आत्या काही संत वगैरे नव्हती. प्लॅस्टिकच्या पिशव्या धुऊन वाळत घालणारी, पार्सलांच्या सुतळ्या गुंडाळून ठेवणारी बाई. सुपारीचा व्यापारी आला की किलोमागे एका रुपयासाठी अख्खी सकाळ घालवायची. तो बिचारा चहा पिऊन, घाम पुसून शरण जायचा. आणि त्याच दुपारी वाटेवरून जाणाऱ्या कुणालाही हाक मारून चार शहाळी हातात द्यायची. वर ऐकवायची, "ने गो, इथे पडून कुजतायत." कुजत वगैरे काही नसायची, तासाभरापूर्वी पाडलेली असायची. घेणाऱ्याला असं वाटायला हवं की आपणच हिची अडचण दूर करतोय. देताना तिच्या कपाळावर आठी असायची. म्हणून कुणाला तिचे उपकार वाटले नाहीत आणि परतफेडीची चिंताही कुणी केली नाही. मी बरेच दानशूर लोक पाहिलेत. त्यातल्या बहुतेकांना आपण दिलेलं नीट लक्षात असतं. हिच्या लक्षात राहायचा फक्त सुपारीचा भाव.

खाडीपलीकडे वेसवीला बोटीतून उतरून आत शिरलं की रस्ता चढतो, उतरतो, जांभा दगडाच्या सड्यावरून धावतो आणि केळशीला पुन्हा समुद्राच्या वासात येतो. तिथून आडे, पाडले आणि आंजर्लं. या पट्ट्यातून जाताना बाबा नेहमी बोलायचे थांबतात. 3 जून 2020 चं निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं आणि त्याने दापोली-मंडणगडचा हा किनाराही झोडपून काढला. पोफळी मध्यावर काडीसारख्या मोडल्या, माड मुळासकट पडले, कौलं कुठल्या कुठे गेली. त्यात कोरोनाची टाळेबंदी. कितीतरी दिवस फोन लागत नव्हता, वीज यायला तर आठवड्यांमागून आठवडे गेले. बाबांनी खटपटी करून एका ट्रकवाल्याला गाठलं आणि बहिणीसाठी पत्रे पाठवले.

पत्रे पोचले. बऱ्याच दिवसांनी फोन लागला तेव्हा बाबांना कळलं की आत्या अजून ताडपत्रीखालीच आहे. पत्रे वाडी बघणाऱ्या दादांच्या घरावर चढले होते.

"माई, तुझ्यासाठी पाठवले होते ते!" बाबा किती वर्षांनी तिच्यावर ओरडले असतील कोण जाणे.

"माझं माजघर कोरडं आहे. त्यांच्याकडे बाळंतीण आहे. तू काय मला शिकवतोस?"

बाबांनी फोन ठेवला आणि आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. मला विचाराल तर बाबांचं चुकलं नव्हतं. सत्तरी ओलांडलेली बाई, बाहेर धो धो पाऊस, ओटीवर टपटप पाणी. तिच्या देण्याचा भार कुणावर तरी पडायचाच, बहुतेक वेळा बाबांवर. दुसरी खेप पाठवताना त्यांनी ट्रकवाल्याला बजावलं होतं, पत्रे घरावर चढलेले बघूनच तिथून हलायचं.

पडलेल्या पोफळी तिने वाया जाऊ दिल्या नाहीत. खोडं चिरून ज्याच्या त्याच्या गोठ्याला, मांगराला वासे म्हणून गेली. मग नवी रोपं लावली. रोप लावल्यापासून सुपारी धरायला पाच-सात वर्षं तरी जातात. तिची काही झाडं यंदा पहिल्यांदा शिपुटांनी, म्हणजे सुपारीच्या घडांनी भरलीत.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलत होती. गडग्याच्या फटीतून आत शिरणारा पाट वाहत होता, म्हणजे शिंपणं चालू होतं. खळ्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं फोडून सालं वाळत घातली होती आणि दादांच्या बायकोचे, वहिनींचे हात मनगटापर्यंत जांभळे झाले होते. त्या बी काढून सालं सूपभर पसरायच्या, मधूनच त्यांवर आगळाचा, कोकमाच्या रसाचा हात फिरवायच्या. आत्याच्या पद्धतीत सालाला आगळाची पुटं मोजून द्यायची असत, एक कमी पडलं तर आमसूल फिकं होतं म्हणून ती उठून स्वतः बसायची. वहिनींनी मला बघताच बसल्या जागेवरून विचारलं, "किती पुटं दिली म्हणून बघताय ना? आत्यांसारखी तुम्ही पण?"

आतल्या खोलीत अढी होती. गवताच्या थरांमध्ये हापूस, दारातूनच वास यायचा. या घराचा एक कायदा होता. अढी उघडली की आंबे निवडायचे, बिनडागी एका बाजूला, डागी दुसऱ्या बाजूला. बिनडागी पेट्यांत, पाव्हण्यांना, शाळेच्या मास्तरांना, पोस्टमनला. डागी आपल्याला. लहानपणी आम्हा मुलांना वाटायचं की हापूसला काळा डाग असतोच. पहिल्यांदा मुंबईत बाजारातला निर्मळ आंबा पाहिला तेव्हा मी विचारलं होतं, हा पिकला नाही का?

त्या दिवशी दादांनी जेवायला आमच्या पानांत एकेक निवडक, डाग नसलेला आंबा वाढला. कोण म्हणणार होतं नको म्हणून? आम्ही चोखायला लागलो. बाबा उठले, आत गेले आणि चाकूने कापून काढता येईल असा डाग असलेला एक घेऊन आले. काहीच बोलले नाहीत. मामी त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "साहेबांना चांगलं सोसत नाही." सगळे हसले, बाबाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कड्यावरच्या गणपतीला गेलो. उजव्या सोंडेचा हा गणपती. आवारातून खाली समुद्र, हर्णै आणि सुवर्णदुर्ग दिसतात. आत्या गावातून पायऱ्यांनी चढायची, आम्ही आपले गाडीने. संध्याकाळी नवऱ्याने हर्णैचा माशांचा लिलाव बघितला आणि त्याच्याबद्दल रात्रभर बोलला. मी गेले नाही.

मामी मात्र दोन्हीकडे गेल्या नाहीत. त्या वाडीतच होत्या. दादांना घेऊन एकेका माडाखाली उभ्या राहिल्या, आळी छोटी आहेत म्हणाल्या, मीठ घालता का विचारलं, शेंड्याकडे बोट दाखवून भुंग्याने खाल्लेल्या झावळ्या ओळखल्या. त्रिकोणी कापल्यासारखी पानं दिसली की गेंड्या भुंगा. दादा आधी नुसते मान हलवत होते, मग वाद घालायला लागले, मग कोयता घेऊन आले. आत्या असती तर मामींशी तिचं कडाक्याचं भांडण झालं असतं याबद्दल मला शंका नाही, आणि दोघींना ते फार आवडलं असतं.

निघताना डब्याची शोधाशोध झाली. तो चुलीच्या वरच्या फळीवर सापडला. वहिनींनी त्यात मिरच्यांचं बी ठेवलं होतं. त्या शरमल्या, घासून पुसून लगेच आणून दिला. मामींनी घेतला नाही. "रिकामा?" एवढंच म्हणाल्या. वहिनी आत गेल्या आणि कुळथाचं पीठ दाबून भरून बाहेर आल्या. झाकणाला सुतळी बांधली, ती आत्याच्या गुंडाळ्यांतलीच असणार.

त्याला आता बरेच दिवस झाले. कुळथाचं मामींनी मिरी घालून रसम केलं, पिठलं का नाही केलं म्हणून मी विचारलं तर माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. डबा पुन्हा भरून आमच्या चपलांच्या रॅकवर येऊन बसलाय, वहिनींच्या नावाची चिठ्ठी लावून. तर दापोली, हर्णै, केळशी, त्या बाजूला कोणी जाणार असेल तर कळवा. डबा बराच जड आहे. आत काय आहे ते मला सांगितलेलं नाही.