क्लच न दाबता गिअर: उघड्या गिअरबॉक्ससमोर जे कळलं

मोटरसायकलचा गिअर क्लच न दाबताही पडतो, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्यानं गिअरबॉक्सचं वाटोळं होतं का, यावर मात्र दोन माणसांचं एकमत होत नाही. मला उत्तर मिळालं ते कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका गॅरेजात, फोडलेल्या इंजिनसमोर.

दीडशे सीसीची, पाच गिअरची गाडी मी वापरलेली घेतली होती. दुसऱ्या गिअरमध्ये जोर दिला की गिअर निसटायचा. इंजिन ओरडायचं आणि गाडी मागे राहायची. केबल, लिव्हर, ऑइल सगळं तपासून झाल्यावर गॅरेजचे मिस्त्री, चाचा, म्हणाले, "इंजिन उतरवायला लागंल. भाईरनं काय होनार न्हाई."

चेंबर, म्हणजे गिअर ज्यात असतात ती इंजिनची पेटी, फोडल्यावर दोन शाफ्ट आणि त्यांवरचे गिअर त्यांनी फडक्यावर मांडले. मोटरसायकलमध्ये गिअरचे दात कायम जोडीच्या गिअरच्या दातांत अडकलेलेच असतात. गिअर बदलताना दातात दात जाऊन बसतच नाहीत. काम करतात ते गिअरच्या बाजूला असलेले जाड खुंट, म्हणजे डॉग. पायानं लिव्हर हलवली की आतला खाचांचा दंडगोल, म्हणजे ड्रम, फिरतो, त्या खाचा फोर्कला, म्हणजे गिअर धरणाऱ्या दुबोटी चिमट्याला, बाजूला नेतात, फोर्क गिअर सरकवतो आणि त्याचे डॉग शेजारच्या गिअरच्या खोबणीत शिरतात. कारसारखे वेग जुळवून देणारे सिंक्रोनायझर इथे नसतात. जुळवाजुळव चालवणाऱ्याच्या मनगटानं आणि पायानंच करायची.

माझ्या गाडीच्या दुसऱ्या गिअरच्या डॉगची कड गोल झाली होती. चांगल्या डॉगची बाजू किंचित आत तिरकी कापलेली असते, त्यामुळे जोर आला की दोन्ही गिअर एकमेकांना ओढून धरतात. कड गोल झाली की उलट घडतं. जोर आला की ते एकमेकांना बाहेर ढकलतात, आणि तो ढकलण्याचा भार सोसून फोर्कचं टोकही झिजतं. माझा फोर्क एका बाजूनं पातळ होऊन निळसर पडला होता. चौथ्या-पाचव्याचे डॉग मात्र धारदार, नव्यासारखे.

आधीचा मालक क्लच दाबत होता की नव्हता, हे त्या लोखंडावरून सांगता येत नव्हतं. मी चाचांना तेच विचारलं. ते म्हणाले, "क्लच दाबला म्हनून वाचतंय आनि न्हाई दाबला म्हनून जातंय, असं नसतंय. अर्धा पाय मारला की जातंय."

हे वाक्य मला अजूनही सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये न्यूट्रल असतो, त्यामुळे पाय तिथेच अर्धवट राहण्याची शक्यता जास्त. शिवाय उडीही तिथेच मोठी. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३ आणि दुसऱ्याचं २ धरलं, तर ४५०० आरपीएमवरून (मिनिटाला फेऱ्यांवरून) इंजिनला ३००० वर यावं लागतं. चौथ्याचं १.२ आणि पाचव्याचं १ धरलं, तर ४५०० वरून फक्त ३७५०. वेगातला फरक जितका मोठा, तितका डॉग खोबणीत शिरताना कडेवर जोरात आपटतो.

गिअर आणि फोर्क नवे पडल्यावर मी क्लचशिवाय गिअर टाकायला शिकलो, आणि याच हिशेबानं चौथ्या-पाचव्यापासून सुरुवात केली. आधी चेन नीट ताणून घेतली. अशा गाड्यांना साधारण २० ते ३० मिलिमीटर ढील लागते. ती जास्त असली की थ्रॉटल, म्हणजे रेसची मूठ, सोडता-धरताना चेनच हिसका देते आणि चूक गिअरची की चेनची ते कळत नाही.

सकाळी लवकर, सातारा रोडच्या मोकळ्या पट्ट्यावर, मध्यम वेगात पायाचा अंगठा लिव्हरखाली नेऊन हलका दाब द्यायचा. इतक्यानं गिअर पडत नाही, कारण थ्रॉटल उघडा असताना डॉग एकमेकांवर घट्ट रेटलेले असतात. मग थ्रॉटल क्षणभर, थोडाच मिटायचा. रेटा सुटतो, लिव्हर आपोआप वर जाते, थ्रॉटल परत उघडायचा. बरोबर जमलं की फक्त एक बारीक 'टिक' ऐकू येतो. 'खट' झालं तर थ्रॉटल मिटायला उशीर झाला किंवा पायाचा जोर जास्त झाला. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांच्या लिव्हरला मागे टाचेचा पट्टा असतो. त्याचा मोह टाळावा, कारण टाचेनं लाथ बसते, अंगठ्यानं अंदाज येतो.

काही गाड्यांना असलेला क्विकशिफ्टर नावाचा जोडभाग हेच काम करतो. लिव्हरवरचा दाब सेन्सरला कळला की तो इंजिनचा जोर निमिषभर तोडतो. होंडाच्या १९५८ च्या सुपर कबची गोष्ट वेगळी. तिथे हाताचा क्लच नाही, पण गिअरची लिव्हर दाबतानाच क्लच सुटतो. म्हणजे क्लच आहेच, फक्त हातात नाही.

वरचा गिअर खाली आणताना मी क्लच वापरतोच. इंजिनचे आरपीएम तिथे वाढवावे लागतात. थ्रॉटलचा झटका चुकला की मागचं चाक घसरू शकतं, आणि पावसात आंबा घाट उतरताना तो धोका मला पत्करायचा नाही.

आणखी एक हिशेब मला फार पटतो. काही जण क्लच प्लेट वाचवायला क्लच टाळतात. पण क्लच प्लेट बदलायला बाजूचं कव्हर काढलं की भागतं. गिअरसाठी इंजिन उतरवून चेंबर फोडावा लागतो. स्वस्त वस्तू वाचवायला महागडी झिजवण्यात काय शहाणपण? मी क्लच सोडतो तो लांबच्या वाटेवर डावा हात अवघडतो म्हणून, आणि गाडी झटका न देता पुढे जाते म्हणून.

ऑइल बदलताना ड्रेन नटाला काय चिकटलंय ते मी बघतोच. इंजिन, क्लच आणि गिअर एकाच ऑइलमध्ये असल्यामुळे गिअरचा चुरा सगळीकडे फिरतो. राखाडी, मऊ लेप दिसला तर काळजी नाही. बोटाला टोचणारे कण दिसले तर काहीतरी तुटतंय. पुढे क्रँकचं बेअरिंग वाजू लागलं आणि चेंबर पुन्हा फुटला, तेव्हा मी सगळ्यात आधी डॉगच उचलून पाहिले. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्याच्या कडांना नख लावून बघितलं, नख अडकत होतं, म्हणजे कड अजून धारदार होती. चाचांनी तेच गिअर धुऊन परत बसवले. पहिल्याचा दुसरा करताना मी आजही क्लच पूर्ण दाबतो आणि लिव्हर शेवटपर्यंत नेतो.