तुम्ही विचारलंत म्हणून: ओमेगा-3 साठी समुद्राचाच मासा हवा का?

मी माशांच्या खाद्यावर काम करते हे कळलं की प्रश्न येतोच: "गोड्या पाण्यातल्या माशात ओमेगा-3 असतं का हो?" पूर्वी मी "असतं, पण कमी" एवढं सांगून मोकळी व्हायचे. ते उत्तर अर्धवट होतं.

समुद्राच्या माशाचा बोलबाला 1970 च्या दशकातला. बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडच्या इनुइट या मूळ रहिवाशांचं रक्त तपासलं आणि त्यांच्यातल्या कमी हृदयविकाराचा संबंध समुद्री आहारातल्या ओमेगा-3 शी जोडला, तेव्हापासूनचा. (ती माणसं सील आणि व्हेलही भरपूर खात, हे पुढे सांगणारे बहुधा गाळतात.)

ओमेगा-3 मधली आपल्याला हवी असतात ती ईपीए आणि डीएचए ही मेदाम्लं. जवस-अक्रोडातल्या एएलए या वनस्पतीजन्य ओमेगा-3 पासून आपलं शरीर ती बनवतं, पण अगदीच थोडी. या कामात गोड्या पाण्यातले बरेच मासे आपल्याहून सरस. समुद्रातल्या बहुतेक माशांना ती अन्नातून आयतीच मिळतात, त्यामुळे घडवायची कला त्यांच्यात फारशी उरलेली नाही. तळ्यातल्या कार्पमध्ये (रोहू-कटल्याच्या कुळातल्या माशांत) ती आहे. अर्थात कच्चा माल पोटात गेला तर! आणि तळ्यातही थोडं आयतं मिळतंच: डायटमसारखं सूक्ष्म शैवाल ईपीए तयार करतं, ते प्राणीप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) आणि किड्यांच्या अळ्या खातात, आणि त्यांना मासा.

म्हणून हल्ली मीच उलट विचारते, मासा काय खाऊन वाढला? धान्य आणि पेंडीवर पोसलेल्या टिलापियाच्या 100 ग्रॅममध्ये ईपीए-डीएचए मिळून शे-दीडशे मिलिग्रॅम निघतं. मत्स्यशेतीतल्या रेनबो ट्राउटमध्ये ते 1 ग्रॅमच्या आसपास जातं, कारण त्याच्या खाद्यात माशाचं तेल असतं. शिवाय तो थंड पाण्यातला. थंडीत पेशींची आवरणं ताठरू नयेत म्हणून माशाला अशी लवचीक मेदाम्लं लागतातच. युरोपात प्रौढांसाठी दिवसाला 250 मिलिग्रॅम पुरेसं धरतात, त्या हिशेबाने ट्राउटचा एवढा तुकडा चार दिवसांची बेगमी.

टिलापिया टाकून देऊ नका, प्रथिनं उत्तम असतात. फक्त असा कमी चरबीचा मासा तेलात बुडवून तळला, की तळणीतलं तेल त्यात मुरतं आणि खाताना तुम्ही मुख्यतः तेच तेल खाता. वाफवा किंवा रश्श्यात शिजवा.

एवढं ऐकून पुढचा प्रश्न ठरलेला: "मग माशाच्या तेलाची कॅप्सूल घेऊ का?" ते डॉक्टरांना विचारा. मला माशांच्या जेवणातलं कळतं, तुमच्या नाही.