नर्सिंगचा अर्ज आणि मराठी

आज दिवसभर कम्युनिटी कॉलेजच्या (इथलं दोन वर्षांच्या पदवीचं सरकारी कॉलेज) नर्सिंगच्या अर्जामागे होते. इथे कॅलिफोर्नियात जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर, म्हणून बरीच कॉलेजं गुण देऊन यादी लावतात. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजीचे ग्रेड, टीज (TEAS) ही नर्सिंगची प्रवेश परीक्षा, कामाचा अनुभव, सगळं धरतात. टीजला १७० प्रश्न आणि २०९ मिनिटं; विज्ञानाचा भाग चांगलाच घाम काढतो. नेफ्रॉनची, म्हणजे मूत्रपिंडातल्या रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म नळीची, आकृती मी फ्रिजवर चिकटवली आहे, पोळ्या लाटता लाटता पाठ होते.

पण आज मन भरून आलं ते वेगळ्याच गोष्टीने. या निवडीसाठी राज्याच्या कायद्यात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा येणंही धरलं आहे, आणि त्यात भारतीय उपखंडातल्या भाषांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे आपली मराठीसुद्धा! किती योग्य आहे हे. आमच्या सासूबाई डॉक्टरांपुढे नुसती मान डोलावतात आणि कुठे, कसं, कधीपासून दुखतंय ते घरी आल्यावर मला सांगतात. अशा माणसाजवळ त्याची भाषा येणारी नर्स असायलाच हवी.

मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिका इथल्या पद्धतीप्रमाणे मूल्यांकन करून घ्यायला पाठवल्यात, त्या आल्या की अर्ज भरणार. टीजच्या विज्ञानासाठी कुणी काय वाचलं, जरूर सांगा.