स्वयंपाकघरासाठी लहान टीव्ही शोधताना

स्वयंपाकघरात टीव्ही हवा, ही मागणी आमच्या आईची होती. संध्याकाळच्या मालिका आणि पोळ्यांची वेळ एकच असल्यामुळे ती बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीचा आवाज वाढवून ओट्यापाशी नुसते संवाद ऐकत असे, आणि त्या आवाजाचा बाकीच्यांना जाच होत असे.

टीव्ही लहान म्हणजे स्वस्त, हे गणित बाजारात चालत नाही, असे लवकरच ध्यानात आले. कंपन्यांचा भर ३२ इंची आणि त्याहून मोठ्या संचांवर असल्यामुळे २४ इंचीत मोजकेच पर्याय उरतात. शिवाय मी पाहिलेल्या दुकानांत त्यांच्या किमतीत हजार-दोन हजार घातले, की फारशा नावाजलेल्या नसलेल्या कंपनीचा ३२ इंची संच येत होता. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तो ३२ इंचांहून मोठ्या संचांवरचा. ३२ इंचांपर्यंतचे सगळे संच जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्क्यांत होते, त्यामुळे करकपातीच्या जाहिरातींचा आम्हाला काही उपयोग नव्हता. ‘ताई, थोडेच पैसे जास्त आहेत, बत्तीसच घेऊन टाका’ असा आग्रह दुकानदार करीत, परंतु ३२ इंची पडदा सुमारे ७१ सेंटीमीटर रुंद असतो, २४ इंची सुमारे ५३, आणि फ्रिज व भांड्यांची मांडणी यांच्यामधली आमची भिंत जेमतेम ६० सेंटीमीटर आहे. तेव्हा तो वाद तिथेच मिटला.

कचेऱ्यांतून निघालेले जुने मॉनिटर याहून बरेच स्वस्त मिळतात, पण त्यांतल्या पुष्कळांना एचडीएमआयची, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच तारेने नेणाऱ्या जोडणीची, जागा नसते आणि स्पीकरही नसतो. दोन्हींची जोडाजोड करता करता बचत संपते.

माझ्या मते स्वयंपाकघरातल्या टीव्हीची खरी परीक्षा म्हणजे तो तिरका पाहिला असता कसा दिसतो. दिवाणखान्यात आपण समोर बसतो; इथे टीव्ही उंचावर, आपण खाली आणि बाजूला, शिवाय अर्धे लक्ष तव्यावर. दुकानात मी संच वरच्या फळीवर ठेवायला सांगून खालून पाहत असे. एका स्वस्त संचात निवेदिकेचा चेहरा खालून पाहताच काळवंडला आणि केस मात्र राखाडी, चमकते दिसू लागले. हा टीएन जातीच्या पॅनेलचा, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या पडद्याच्या एका स्वस्त प्रकाराचा दोष, आणि चित्राच्या सेटिंगमध्ये कितीही फेरफार केले तरी तो जात नाही. आयपीएस या दुसऱ्या जातीच्या पॅनेलचे रंग तिरके पाहूनही बऱ्यापैकी टिकतात. एवढ्या लहान पडद्यावर फुल एचडीसाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा ते पॅनेलवर खर्च करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. आवाजाची परीक्षाही दुकानातच घ्यावी, कारण मिक्सर, एक्झॉस्ट पंखा आणि कुकरची शिट्टी यांच्यापुढे अशा संचांचे स्पीकर दुबळेच ठरतात.

जागा ठरवताना शेगडीची वरची भिंत आणि सिंकची बाजू आधीच बाद करावी. फोडणीतली मोहरी फार लांब उडत नाही, पण तेलाची वाफ सगळीकडे जाते आणि टीव्हीच्या मागच्या झरोक्यांतून आत शिरून धुळीसह चिकट थर धरते. तेव्हा संच शेगडीपासून जितका दूर ठेवता येईल तितका ठेवावा आणि पडदा बंद करून मऊ, किंचित ओलसर कापडाने पुसावा. काचेसाठीचा फवारा त्यावर मारू नये. विजेची काळजी नको. सुमारे ३० वॉटचा संच रोज चार तास चालला, तरी महिन्याला चार युनिटही होत नाहीत.

राहिला प्रश्न वाहिन्यांचा. डीडी फ्री डिशला मासिक शुल्क नाही आणि त्यावर सह्याद्री दिसते, पण आईच्या मालिका पैसे भरायच्या वाहिन्यांवर आहेत. दुसरा सेट टॉप बॉक्स म्हणजे दरमहा वेगळा खर्च. म्हणून आम्ही बैठकीतल्या बॉक्सला एकच चित्र दोन पडद्यांना वाटून देणारा एचडीएमआय स्प्लिटर लावून एक लांब तार स्वयंपाकघरात नेली. दोन्ही पडद्यांवर अर्थातच एकच वाहिनी दिसते. त्यामुळे क्रिकेटचा सामना असला, की रिमोट कोणाकडे राहील हे आधी ठरवून घ्यावे लागते.